आधीची गोष्ट, नंतरचे डोळे



असोद्याला यायचं आणि इथल्या वांग्याच्या भरिताविषयी चकार शब्द न काढता तासभर अंतराळयानांवर बोलायचं, हा आगाऊपणा आहे हे मला कळतं. पण कवयित्री बहिणाबाई चौधरींच्या स्मरणार्थ बोलताना दरवेळी त्यांच्या कवितेवरच बोललं पाहिजे असं नाही. त्यांना नव्या गोष्टीचं वावडं नव्हतं. शिवाय विषय या गावापासून वाटतो तितका लांबचा नाही.

दूरचित्रवाणीवर एखादी विज्ञानकथा गाजते. वर्षं जातात. मग कुणाला तरी वाटतं, या गोष्टीच्या आधी काय घडलं ते आता सांगू या. नायक नायक होण्याआधी कोण होता, युद्ध पेटलं कसं, राज्य बुडालं कशापायी. अशा आधीच्या गोष्टीला आता सगळे प्रीक्वेल म्हणतात, आपणही म्हणू. अडचण एवढीच, की गोष्ट आधीची असली तरी ती बनते नंतर. १९६६ साली अमेरिकेत 'स्टार ट्रेक' सुरू झाली तेव्हा तिचं यान लाकूड, पुठ्ठा आणि रंगीत दिव्यांवर उभं होतं. त्या गोष्टीच्या दहा वर्षं आधीची गोष्ट सांगणारी 'डिस्कव्हरी' आली २०१७ साली, आणि तिच्यात काचेसारखे पारदर्शक पडदे, हवेत तरंगणारी चित्रं, सगळा थाट. नातवाच्या लग्नाचा फोटो काळा-पांढरा आणि आजोबांच्या लग्नाचा रंगीत, असा तो प्रकार झाला.

मग प्रेक्षक विचारतात, आधीचं यान नंतरच्या यानापेक्षा नवं कसं? याला धंद्यातली मंडळी कंटिन्युइटीचा प्रश्न म्हणतात. आपल्या मराठी मालिकांच्या सेटवरही हा शब्द दिवसभर कानावर पडतो. दिग्दर्शकाचा सहायक हातात मोबाइल घेऊन फिरत असतो. सून स्वयंपाकघरातून बाहेर पडताना तिच्या कानात कुठले झुमके होते, पदर कुठल्या खांद्यावर होता, चहाचा कप अर्धा होता की भरलेला, भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले होते, या सगळ्याचे फोटो त्याच्याकडे असतात. कारण ती बाहेर पडते मंगळवारी आणि दिवाणखान्यात पोचते शुक्रवारी. मधले दोन दिवस चित्रीकरणाचे. पडद्यावर मात्र मध्ये एक दार असतं, बस. प्रीक्वेलमध्ये ते दार पन्नास वर्षांचं असतं, एवढाच फरक.

आता असोद्याकडे येतो. २४ ऑगस्ट १८८० रोजी या गावात महाजनांच्या घरी एक मुलगी जन्मली. लग्न होऊन ती जळगावला चौधरींच्या घरी गेली. १९५१ साली ती गेली आणि १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह, तिच्या कवितांचं पुस्तक आलं. आज तुमच्या गावात बाहेरून येणारा प्रत्येक माणूस हा शेवट माहीत असूनच एसटीतून उतरतो. इथलं शेत, इथलं जातं, इथली देवळं यांत तो पुढची कविता शोधतो. १८९० च्या आसपास इथे खेळणाऱ्या पोरीला मात्र त्यातलं काही ठाऊक नव्हतं. बघणाऱ्याला पुढचं माहीत आणि जगणाऱ्याला माहीत नाही, ही प्रीक्वेलची मूळ अवस्था आहे. बहिणाबाईंच्या माहेराबद्दल लिहिणाऱ्या प्रत्येकाला तीच अडचण येते. मोह असा होतो, की सात वर्षांच्या मुलीच्या तोंडी साठीतलं शहाणपण घालावं.

शेवट माहीत असलेली गोष्ट ऐकायची आपल्याला सवय आहे. कीर्तनाला बसलेल्या एकाही माणसाला हरिश्चंद्राचं पुढे काय होणार याची चिंता नसते. बुवा तिथवर नेतात कसे, हे ऐकायला माणसं बसलेली असतात. वि. स. खांडेकरांची 'ययाति' घ्या. कौरव-पांडवांच्या कितीतरी पिढ्या आधीच्या राजाची ही गोष्ट, आणि वाचकाच्या मनात कुरुक्षेत्र आधीच होऊन गेलेलं असतं. त्यामुळे 'शेवट माहीत आहे, मग बघायचं कशाला?' हा आक्षेप निदान मराठी माणसाने तरी घेऊ नये.

दिसण्याच्या बाबतीतही आपण बरेच उदार आहोत. अमोल कोल्हे २००८ साली 'राजा शिवछत्रपती'मध्ये शिवाजी महाराज झाले आणि २०१७ साली 'स्वराज्यरक्षक संभाजी'मध्ये संभाजी महाराज. बाप आणि लेक, चेहरा एकच. वाहिन्या वेगळ्या, मालिका वेगळ्या, तरी कुणी म्हणालं नाही की हा घोळ आहे. भांडणं झाली ती प्रसंगांवरून: अमुक घडलं की नाही, तमुक माणूस तसा वागला असता की नाही. माझं म्हणणं इथेच सुरू होतं. प्रेक्षक डोळ्यांनी बघतो खरा, पण फसवणूक झाली की ती त्याला आधी जाणवते ती माणसाच्या वागण्यात.

विज्ञानकथेचे कट्टर प्रेक्षक मात्र याला अपवाद आहेत असा समज आहे. त्यांना एक स्क्रू बदललेला चालत नाही. या समजापायी झालेली एक फजिती सांगतो.

'स्टार ट्रेक'मध्ये क्लिंगॉन नावाची लढाऊ जमात आहे. १९६७ साली ते पहिल्यांदा दिसले तेव्हा पैसे नव्हते. नटांच्या तोंडाला काळपट रंग फासला, मिशा-दाढ्या चिकटवल्या, भुवया वर ओढल्या, झाले क्लिंगॉन. १९७९ साली त्याच कथेवर मोठा चित्रपट आला, पैसा आला, आणि क्लिंगॉनांच्या कपाळावर हाडांच्या वळ्या आल्या. पुढच्या सगळ्या मालिकांत वळ्या कायम. कुणी स्पष्टीकरण दिलं नाही, मागितलं तरी दिलं नाही. १९९६ साली याच मालिकांतल्या 'डीप स्पेस नाइन'च्या एका भागात नवी पात्रं कालप्रवास करून जुन्या, १९६७ च्या भागात शिरतात. तिथे गुळगुळीत कपाळाचे क्लिंगॉन बघून सगळे आपल्यातल्या वॉर्फकडे वळतात. वॉर्फ स्वतः क्लिंगॉन, वळ्यांचा. तो एवढंच म्हणतो, की बाहेरच्यांशी आम्ही या विषयावर बोलत नाही. प्रेक्षक हसून लोळले. प्रश्न तिथेच संपला होता, आणि तो संपवावा तर असा.

पण नाही. २००५ साली 'एंटरप्राइझ' या प्रीक्वेल मालिकेने दोन अख्खे भाग खर्च करून खुलासा केला: जनुकीय प्रयोग फसला, रोग पसरला, त्यात वळ्या गेल्या. गोष्ट वाईट नव्हती, लेखक कसबी होते. तरी मेकअपच्या खर्चाला आजार म्हणून दाखवण्यात मला काही शहाणपण दिसत नाही. आणि या खुलाशाचं आयुष्य किती? बारा वर्षं. २०१७ साली 'डिस्कव्हरी'ने क्लिंगॉनांचं डोकंच बदललं, केस काढून टाकले, आणि लोक ओरडले तेव्हा पुढच्या पर्वात केस परत आणले. म्हणजे पन्नास वर्षांत या जमातीच्या कपाळावर जेवढं काम झालं, तेवढं तिच्या राजकारणावर झालं असतं तर बरं झालं असतं.

म्हणून माझा निष्कर्ष: जे दिसणं केवळ पैशाच्या कमी-जास्तपणातून आलं, ते बदलायला हरकत नाही आणि त्याचा खुलासा तर अजिबात करू नये. खुलासा केला की प्रेक्षकाला कळतं, लेखकाला इथे ठेच लागली होती.

पण काही वेळा दिसणं हाच गोष्टीचा गाभा असतो, तिथे हात लावला की सगळं कोसळतं. २००४ साली सुरू झालेली 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' आठवा. भलंमोठं अंतराळयान, आणि आत तारेचे फोन, जाडजूड रिसीव्हर. संगणक एकमेकांना जोडलेले नाहीत. हे मागासलेपण नाही. सायलॉन नावाच्या यंत्रमानवांनी बंड केलं होतं. जोडलेला संगणक म्हणजे त्यांच्यासाठी उघडी खिडकी. म्हणून कमांडर ॲडामा आपल्या यानावर संगणकांचं जाळं येऊच देत नाही, आणि नेमकं त्यामुळेच त्याचं यान वाचतं. तारेचा फोन इथे सजावट म्हणून ठेवलेला नाही, त्याच्यावर कथानक टांगलेलं आहे. २०१० साली या गोष्टीच्या ५८ वर्षं आधीची 'कॅप्रिका' आली. तिच्यात डोळ्यांवर पट्टी चढवली की आभासी जगात जाता येतं, म्हणजे आधीचं जग नंतरच्यापेक्षा पुढारलेलं. तरी कुणाला खटकलं नाही, कारण भाजल्यावर माणसं मागे सरली हे आधीच ठरलेलं होतं. मालिका एका पर्वात गुंडाळावी लागली ती दुसऱ्या कारणांनी. तिचा वेग फार संथ होता, असं माझं मत.

'स्टार वॉर्स'मधली 'अँडॉर' याहून सुरेख. तिची दोन पर्वं, २०२२ आणि २०२५, भाग चोवीस. ती २०१६ च्या 'रोग वन' चित्रपटाच्या आधीची, आणि तो चित्रपट १९७७ च्या पहिल्या चित्रपटाच्या आधीचा. म्हणजे आजोबाचा आजोबा. या मालिकेने १९७७ चे जाड खटके, फिरवायच्या कळा, अंधुक पडदे तसेच ठेवले. आजच्या मोबाइलसारखी एकही काच आत येऊ दिली नाही. त्यामुळे साम्राज्याची कचेरी खरोखर कचेरी वाटते: फायली, बैठका, बढतीसाठी चाललेली चढाओढ. आपल्या जिल्हा परिषदेत कधी काम घेऊन गेलेल्या माणसाला ती ओळखीची वाटावी.

पण मी 'अँडॉर'चं नाव घेतलं ते कळांसाठी नाही. पहिल्या पर्वात नायक कॅसियन तुरुंगात पडतो. तिथे कैद्यांकडून दिवसरात्र यंत्राचे सुटे भाग जोडून घेतात. कशाचे भाग, हे कैद्यांना माहीत नाही, आपल्यालाही नाही. पर्व संपतं, श्रेयनामावली सरकते, आणि मग शेवटी एक दृश्य येतं: तेच भाग यंत्रं एकेक करून बसवताहेत, कॅमेरा मागे मागे जातो, आणि डेथ स्टार हे ग्रह उडवणारं शस्त्र दिसतं. 'रोग वन' पाहिलेल्या माणसाला माहीत असतं की याच शस्त्राच्या माऱ्यात कॅसियन मरणार आहे. आपल्या मरणाचे खिळे तो स्वतः ठोकून आला. संवाद एक नाही, कुणी कुणाला काही सांगत नाही. जुन्या गोष्टीला धक्का न लावता तिचं वजन वाढवणं म्हणतात ते हे. २०२२ साली हे दृश्य बघितल्यावर २०१६ चा चित्रपट पुन्हा लावला तर तो वेगळा दिसतो. त्यातली एक चौकट बदललेली नाही, बदललेले आहात तुम्ही.

आता ज्या उदाहरणासाठी मी हा विषय घेतला, ते कॅप्टन पाइकचं.

'स्टार ट्रेक'चा पहिलावहिला नमुना भाग १९६४-६५ मध्ये बनला. त्यात कप्तान कर्क नव्हता, पाइक होता. जेफ्री हंटर नावाचा देखणा नट. वाहिनीने तो भाग नाकारला. दुसरा नमुना मागितला, त्यात कर्क आला, आणि पुढचा इतिहास कर्कचा. पण १९६६ साली मालिका सुरू झाल्यावर वेळ आणि पैसा दोन्ही कमी पडायला लागले. नाकारलेल्या भागाची फिल्म पडून होती. ती वापरायची युक्ती निघाली: जुनी फिल्म म्हणजे पाइकच्या आयुष्यातला जुना प्रसंग, आणि तो खटल्यात पुरावा म्हणून दाखवला जातो. पण आजचा पाइक दाखवायला हंटर उपलब्ध नव्हता. मग लेखकांनी पाइकला अपघात घडवला. किरणोत्सर्गात भाजलेला, खुर्चीत जखडलेला, बोलताही न येणारा माणूस. चेहऱ्यावर मेकअपचे थर, त्यामुळे दुसरा नट खपून गेला. त्याच्या खुर्चीवर एक दिवा. एकदा लागला की होय, दोनदा लागला की नाही. दूरचित्रवाणीच्या इतिहासातली इतकी करुण प्रतिमा निव्वळ काटकसरीतून जन्मली.

पुढची पन्नास वर्षं पाइक त्या खुर्चीत बसून राहिला. २०१९ साली 'डिस्कव्हरी'च्या दुसऱ्या पर्वात तो परत आला, अपघाताच्या आधीचा, धडधाकट, आणि नट अन्सन माउंट. तो कसा दिसावा, त्याचं यान कसं दिसावं, यावर पुष्कळ काथ्याकूट झाला असणार. पण त्या पर्वातल्या एका भागाची सुरुवात बघा. 'मागील भागात' म्हणून आपण जी झलक दाखवतो ना, तशी झलक, आणि तीत १९६५ ची खरी फिल्म. हंटरचा चेहरा, जुने कपडे, रंगीत पुठ्ठ्याचा ग्रह, गाणारी निळी पानं, आणि यानावरचा एरवी न हसणारा अधिकारी स्पॉक, चक्क हसताना. मग थेट माउंटचा चेहरा. जुनं आणि नवं शेजारी शेजारी ठेवलं, मध्ये एका शब्दाचा खुलासा नाही. त्या ग्रहावर स्पॉक पुन्हा जातो तेव्हा तीच गाणारी पानं तिथे आहेत, आता संगणकावर घडवलेली. दिसणं पूर्ण बदललं, ओळख बदलली नाही. मला विचाराल तर दृश्य कंटिन्युइटीचा सगळा अभ्यासक्रम त्या दीड मिनिटात आहे.

त्याच पर्वात पुढे पाइकला एका मठात काळाचा स्फटिक घ्यावा लागतो आणि त्याची किंमत म्हणून स्वतःचं भविष्य दिसतं: खुर्ची, दिवा, जळलेला चेहरा. स्फटिक घेतला तर हे अटळ. तो घेतो. म्हणजे १९६६ ची काटकसर २०१९ साली एका माणसाची नियती झाली, आणि प्रेक्षकाला जे माहीत होतं ते आता पात्रालाही माहीत झालं. प्रीक्वेलची मूळ अवस्था उलटी करून टाकली.

२०२२ साली 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' ही पाइकचीच मालिका सुरू झाली आणि तिच्या पहिल्या पर्वाचा शेवट याच गाठीवर आहे. त्या अपघातात काही कोवळी पोरं मरणार असतात. पाइक त्यांना आधीच सावध करणारी पत्रं लिहायला बसतो. तेवढ्यात म्हातारा पाइक भविष्यातून येतो आणि त्याला दाखवतो, की तू वाचलास तर काय होतं. पाइक कर्कच्या जागी कप्तान राहतो, १९६६ च्या एका गाजलेल्या भागातली रोम्युलन नावाच्या शत्रूंशी झालेली चकमक त्याच्या हाताखाली घडते, तो चांगुलपणाने वागतो, आणि युद्ध पेटतं. स्पॉक मरणाच्या दारात जाऊन पडतो. पाइक पत्रं पाठवत नाही. इथे जुन्या गोष्टीशी सुसंगत राहणं ही लेखकाची डोकेदुखी उरली नाही, पात्राने जाणून केलेली निवड झाली. एरवी प्रेक्षक म्हणतो, 'याला मारू शकत नाहीत, पुढे जिवंत आहे ना.' इथे तोच प्रेक्षक मनात म्हणतो, सुटू दे रे याला.

गोष्टीच्या सुसंगतीत सगळ्यात नाजूक भाग असतो तो कोणाला काय माहीत आहे, याचा. कपाळावरच्या वळ्या माफ होतात. माहितीची चूक माफ होत नाही. 'स्टार वॉर्स'मधल्याच २०२२ च्या 'ओबी-वॅन केनोबी' मालिकेत दहा वर्षांच्या लेयाला ओबी-वॅन स्वतः जीव धोक्यात घालून सोडवतो, दोघांचा जिव्हाळा जमतो. पोरगी गोड होती, काम छान केलं. पण १९७७ च्या चित्रपटात तीच लेया त्याला निरोप पाठवते तो असा, की तुम्ही पूर्वी माझ्या वडिलांच्या बाजूने लढला होता, आता मदत करा. परक्या माणसाला लिहावं तसा. ज्याने जीव धोक्यात घालून सोडवलं, त्याला ती असं लिहील? मालिकेने शेवटी सगळं गुपित ठेवायचं ठरवून सारवासारव केली आहे. सारवलेलं दिसतं.

'डिस्कव्हरी'ची नायिका मायकल बर्नहॅम तर स्पॉकची मानलेली बहीण निघाली. पन्नास वर्षांत स्पॉकने बहिणीचं नाव काढलं नव्हतं! लोक खवळले. पण मला ती तितकी मोठी चूक वाटत नाही. १९६७ च्या एका भागात स्पॉकचे आईवडील यानावर येतात आणि कर्कला ते कोण आहेत हे तेव्हा कळतं. स्पॉकने सांगितलेलंच नसतं. १९८९ च्या चित्रपटात त्याला एक सावत्र भाऊ निघाला, त्याचंही नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. हा माणूस घरचं बाहेर बोलतच नाही. बहीण त्याच्या स्वभावात बसते. न बसणारी गोष्ट पुढची: 'डिस्कव्हरी' या तिच्या यानाकडे क्षणात कुठेही पोचण्याचं यंत्र होतं, मग कर्कच्या काळात ते कुठे गेलं? उत्तर म्हणून यान नऊशेहून अधिक वर्षं पुढे पाठवून दिलं आणि मागे राहिलेल्यांना हुकूम झाला, याबद्दल कुणी अवाक्षर काढायचं नाही. हे सरकारी उत्तर झालं. पुढे गेल्यावर मालिका मोकळी झाली हे खरं, पण मग ती प्रीक्वेल उरली नाही. अंगण वाकडं म्हणून घरच बदललं.

याच मालिकांमधली एक गंमत आपल्या देशाची आहे. १९६७ साली खान नूनियन सिंग नावाचा खलनायक आला. पात्र बहुधा उत्तर भारतातला शीख, नट मेक्सिकोचा. तेव्हा सांगितलं गेलं की हा माणूस १९९२ ते १९९६ या काळात पृथ्वीच्या चौथ्या हिश्श्यावर राज्य करत होता. १९६७ ला १९९२ फार लांब वाटलं असेल. प्रत्यक्षात ती वर्षं आली, गेली, आणि आपल्याला खानचा सारा भरावा लागला नाही. २०२३ साली 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स'ने हे हाताळलं: कालप्रवाशांच्या ढवळाढवळीमुळे इतिहास पुढे सरकला, आणि खान आपल्या काळात अजून लहान मुलगा आहे. त्याला मारायला आलेली बाई वैतागून म्हणते, की हे सगळं तर १९९२ सालीच व्हायला हवं होतं. खुलासा इथेही आहे, पण तो पात्राच्या चिडचिडीतून येतो, म्हणून पचतो.

आपल्याकडे विज्ञानकथेची प्रीक्वेल मालिका नाही. भुताखेतांची आहे, आणि ती जोरात चालली. 'रात्रीस खेळ चाले' २०१६ साली सुरू झाली ती अण्णा नाईकांच्या मृत्यूने. माणूस मेलेला, त्याची दहशत जिवंत. २०१९ साली दुसरं पर्व आलं आणि ते मागे गेलं: जिवंत अण्णा, माधव अभ्यंकरांच्या रूपात, आणि अपूर्वा नेमळेकरांची शेवंता. हा माणूस मरणार हे महाराष्ट्राला ठाऊक होतं, तरी लोक रात्री टीव्हीसमोरून उठत नव्हते. कारण पहिल्या पर्वाने अण्णाविषयी भीती दिली होती, कारण दिलं नव्हतं. दुसऱ्याने तिथेच हात घातला. आणि दृश्य बाजू सांभाळली ती सावंतवाडीजवळच्या आकेरीतल्या वाड्याने. वाडा तोच, त्यामुळे बाकी शंभर गोष्टी इकडच्या तिकडे झाल्या तरी आपण त्याच घरात आहोत हे पटत राहिलं. उलट तिसऱ्या पर्वात शेवंताचा चेहरा मध्येच बदलला, तेव्हा लोकांनी नाक मुरडलं. पाइकचा नट पन्नास वर्षांनी बदलला तर चालतो, शेवंताची नटी आज-उद्यात बदलली तर चालत नाही. काळ गेला की प्रेक्षक सवलत देतो. रोजच्या भेटीत देत नाही.

विज्ञानकथा आपल्याकडे नव्हती असं कुणी म्हणू नये. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' लागायची, पुढे 'स्पेस सिटी सिग्मा' आली, १९९८ साली केतन मेहतांची 'कॅप्टन व्योम' आली, मिलिंद सोमण तिचा नायक. मराठीत जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली आणि बक्षीस मिळवलं. त्यांची 'वामन परत न आला' तर आजच्या विषयाला नेमकी बसते. जमिनीखाली एका लुप्त संस्कृतीची पेटी सापडते, तिच्यातल्या ज्ञानावरून वामन नावाचा यंत्रमानव घडवला जातो, आणि त्या आधीच्या लोकांचं काय झालं हे कळायला उशीर होतो. आधीची गोष्ट उशिरा कळण्याची किंमत काय, यावर उभी असलेली ही मराठी कादंबरी आहे. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. कौटुंबिक, ऐतिहासिक, पौराणिक आणि भुतांच्या मालिका वर्षानुवर्षं चालवणाऱ्या आपल्या वाहिन्यांच्या रांगेत विज्ञानकथेची लांब मालिका मला दिसत नाही.

आणि समजा उद्या ती झाली, गाजली, आणि तीस वर्षांनी कुणाला तिच्या आधीची गोष्ट सांगावीशी वाटली, तर त्याच्या हाताशी काय असेल? पाइकची नाकारलेली फिल्म कुणीतरी जपली होती, म्हणून २०१९ साली ती झलक दाखवता आली. ब्रिटनच्या 'डॉक्टर हू'चे साठच्या दशकातले कितीतरी भाग आजही सापडत नाहीत; टेप पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र'सुद्धा पूर्ण उरलेला नाही. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांचा मुलगा सोपानदेव आणि सोपानदेवांचा मावसभाऊ यांनी ऐकता ऐकता टिपून ठेवलं नसतं, तर आज या मांडवात आपण कुणाच्या नावाने जमलो असतो?

इथे जळगावच्या महाविद्यालयांत शिकणारी, मोबाइलवर लघुपट करणारी, मालिकांच्या सेटवर सहायक म्हणून जायची स्वप्नं बघणारी पोरं-पोरी बसली आहेत. त्यांना माझी एकच विनंती आहे. चित्रीकरण संपलं की कंटिन्युइटीचे फोटो मोबाइलमधून पुसून टाकू नका. पटकथेच्या प्रत्येक खर्ड्यावर तारीख घाला. कपडे, दागिने, भिंतीचा रंग, गाळलेली दृश्यं, बदललेले संवाद, सगळं एका वहीत किंवा डिस्कवर ठेवा आणि तिची एक प्रत गावच्या वाचनालयात नेऊन द्या. वाचनालयवाले कुरकुर करतील, कपाटात जागा नाही म्हणतील. तरी द्या.